जुनी नौका, नवा मुलामा

नारळी पौर्णिमेला समुद्राला श्रीफळ अर्पण झाले की आमच्या किनाऱ्यावरील नौका आच्छादनांखालून एकेक करून बाहेर पडू लागतात. त्यांत ट्रॉलर असतात, रापणकारांच्या होड्या असतात आणि अलीकडच्या काळात पांढऱ्याशुभ्र, काळ्या काचांच्या, पोटात दोन-चार माणसांच्या निजण्याची सोय असलेल्या क्रीडानौकाही असतात. इंग्रजी परिभाषेत ज्यांना केबिन क्रूझर म्हणतात त्या या नौका. मांडवी, शापोरा आणि साळ या नद्यांच्या पात्रांत त्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांतील अनेक नव्या नसतात. कोठेतरी वीस-पंचवीस वर्षे वापरलेली, एका मालकाने कंटाळून काढलेली आणि दुसऱ्याने उत्साहाने घेतलेली नौका येथे येते, तिला रंग लागतो, नव्या गाद्या येतात, ध्वनिक्षेपक येतो आणि सूर्यास्ताची शोभा दाखविण्यासाठी ती तासाच्या भाड्याने फिरू लागते.

या व्यवहाराला आमचा तत्त्वतः विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. जुनी वस्तू दुरुस्त करून वापरणे हा आपल्या संस्कृतीत कधीच कमीपणा मानला गेलेला नाही. त्यातून २२ सप्टेंबर २०२५ पासून क्रीडानौकांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेण्यात आला. चैनीच्या वस्तूवर अधिक कर असावा हे तत्त्व आम्हाला मान्य आहे. तथापि त्याचा एक परिणाम उघड आहे. नवी नौका जितकी महाग होईल तितकी ग्राहकाची पावले जुन्या नौकेकडे वळतील. जुन्या नौकांच्या या बाजारावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे सिद्ध आहे काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ धनिकांच्या छंदापुरता उरत नाही. त्या नौकेत उद्या बसणारे कुटुंब बहुधा नौकेचे मालक नसते. ते शेदोनशे मैलांवरून आलेले असते, त्यातील निम्म्यांना पोहता येत नसते आणि नौकेचे वय किती, हे विचारण्याचे त्यांच्या मनातही येत नाही.

लाकडी गलबताचे एक बरे होते. त्याचा रोग बाहेरून दिसत असे. फळी कुजली की ती मऊ पडे, फटीतली राळ सुटली की पाणी आत येई आणि तांडेलाची बोटे ती जागा अंधारातही ओळखीत. गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत काचतंतू आणि राळ यांच्या मिश्रणातून, म्हणजे आपण ज्याला सरसकट फायबर म्हणतो त्यातून, नौका घडू लागल्या. त्या काळच्या कारागिरांना या नव्या पदार्थाच्या ताकदीचा पुरता अंदाज नव्हता, म्हणून सावधगिरीने त्यांनी थर जाड दिले. परिणामी पन्नास वर्षांपूर्वीच्या कित्येक नौकांचे कवच आजही टणक आहे. विक्रेता ग्राहकाला हेच ऐकवतो आणि ते खोटे नसते. मात्र ते अर्धेच खरे असते.

कारण फायबरची नौका क्वचितच सर्वस्वी फायबरची असते. तिच्या वरच्या फलाटाच्या दोन पातळ थरांमध्ये वजन वाचविण्यासाठी बाल्सासारखे हलके लाकूड भरलेले असते. तळाला ताठपणा देणाऱ्या लांब पट्ट्यांत आणि यंत्राचा भार पेलणाऱ्या मागच्या भिंतीत, जिला या धंद्यात ट्रान्सम म्हणतात तिच्यात, प्लायवूड असते. वर कठड्याचा एखादा खांब बसविताना पाडलेल्या भोकातून थेंबथेंब पाणी आत झिरपते आणि आतले लाकूड वर्षानुवर्षे कुजत राहते. बाहेरून मात्र पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत असतो. जाणता परीक्षक लहान हातोडीने सगळा फलाट ठोकून पाहतो. जेथे आवाज खणखणीत येतो ती जागा निरोगी आणि जेथे भद्द येतो ती कुजलेली. ओल मोजण्याचे उपकरणही मिळते. नौका पाण्याबाहेर काढल्यावर तळावर फोड दिसतात काय, हेही पाहावे लागते. पाणी थरांत शिरून राळेशी रासायनिक क्रिया झाल्याची ती खूण असते. पाण्यात तरंगणारी नौका पाहून ती विकत घेणे म्हणजे पलंगावर झोपलेल्या माणसाकडे पाहून त्याला ठणठणीत ठरविणे होय. असे असूनही पाण्यावर एक चक्कर, किनाऱ्यावर एक मेजवानी आणि लगेच सौदा, असा प्रकार किती होतो, हे या धंद्यातील मंडळीच खासगीत सांगतात.

यंत्राची कथा अधिक गंभीर आहे. खाऱ्या पाण्याने थंड होणाऱ्या यंत्रात तेच पाणी धूर बाहेर टाकणाऱ्या ओतीव लोखंडाच्या नळकांड्यांतून खेळते आणि ती आतून खाल्ली जातात. ती वेळीच बदलली नाहीत तर एके दिवशी पाणी उलटे यंत्रातच शिरते. ज्या नौकांचे यंत्र आत आणि पंख्याचा पाय बाहेर असतो, त्यांत या दोहोंमध्ये रबराचा एक भाता असतो. दोनचारशे डॉलरांहून कमी किमतीचा तो भाता चिरला की धक्क्याला बांधलेली नौका रात्रीत तळ गाठते. तळातून पाणी घेणारे नळ अस्सल ब्राँझचे आहेत की साध्या पितळेचे, हेही पाहावयास हवे. पितळेतील जस्त खारे पाणी शोषून घेते आणि मागे उरते ते तांब्याचे पोकळ भूस. रंगाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकाला त्याहून कमी दिसते.

याला आता एका नव्या कारणाची भर पडली आहे, आणि त्याची चर्चा मोटारींच्या बाबतीत जितकी झाली त्याच्या शतांशही नौकांच्या बाबतीत झालेली नाही. २०२५ सालापासून देशातील पंपांवर सर्वसाधारणपणे मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. ऊस व धान्य उत्पादकांना त्याचा लाभ आहे, परकीय चलनही वाचते. त्या धोरणाच्या गुणावगुणांत आम्ही येथे शिरत नाही. पण इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. मोटारीची टाकी बंदिस्त असते, रोज रिकामी होते आणि भरते. नौकेच्या टाकीला हवेसाठी उघडी नळी असते, ती दमट खाऱ्या हवेत आठवडेच्या आठवडे अर्धी भरलेली राहते आणि पावसाळ्यात तर महिनेच्या महिने. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र येऊन टाकीच्या तळाशी बसतात, वर उरते ते निःसत्त्व पेट्रोल. यंत्र तळातूनच इंधन खेचते. नदीच्या मुखाशी, ओहोटीच्या प्रवाहात ते बंद पडले तर काय होईल, हे सांगावयास नको. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने मऊ पडून झिरपू लागतात आणि जुन्या काही नौकांतील फायबरच्या टाक्यांची राळच विरघळते. नौकांची पेट्रोल यंत्रे बनविणारे कारखाने सामान्यतः १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगत आले आहेत. अमेरिकेत तर १५ टक्के मिश्रणाचे पेट्रोल नौकांत वापरण्यास मनाई आहे. आपल्याकडे जुन्या नौकेच्या मालकाने काय करावे, याविषयी कोणी त्याला काही सांगितले आहे काय?

झिरपलेल्या पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, नौकेच्या पोटात साचते. म्हणून पेट्रोलच्या नौकेत यंत्र सुरू करण्यापूर्वी निदान चार मिनिटे पंखा लावून पोटातली हवा बाहेर काढण्याचा शिरस्ता आहे. मोटारीच्या दुकानातून आणलेले स्वस्त स्टार्टर नौकेत बसविणे म्हणजे दारूगोळ्याच्या कोठारात काडेपेटी ठेवणे होय, कारण नौकेसाठीचे सुटे भाग ठिणगी बाहेर पडणार नाही असे मुद्दाम घडविलेले असतात. गिऱ्हाइकांना चहा आणि भजी देण्यासाठी आत गॅसचे सिलिंडर ठेवणारे महाभागही आहेत. तो वायूही जडच असतो. डिझेलचे यंत्र महाग पडते, वजनाने भारी असते, पण प्रवासी नेणाऱ्या नौकेत तेच असावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सारे झाले जे आहे ते टिकविण्याविषयी. खरा धोका पुढेच आहे; तो सुधारणेच्या नावाखाली येतो. जुनी नौका घेतलेल्या माणसाला ती लहान वाटू लागते. मग छपरावर बसण्यासाठी एक फलाट येतो, त्यावर ताडपत्रीचा मांडव, त्याखाली खुर्च्या, शीतपेयांची पेटी, वातानुकूलनासाठी विजेचे जनित्र, जुन्यापेक्षा दुप्पट अश्वशक्तीचे यंत्र. यातील प्रत्येक वस्तू एकेकटी निरुपद्रवी असते. परंतु नौकेचा तोल हा तिच्या एकूण वजनावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक ते वजन किती उंचीवर आहे यावर अवलंबून असतो. ज्या आराखडाकाराने तीस वर्षांपूर्वी ती नौका रेखाटली, त्याच्या हिशेबात छपरावरची पंधरा माणसे नव्हती. टाकीतले अर्धवट पाणीही नौका कलली की कललेल्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलविते. नौकेचा तोल मोजण्याची परीक्षा अगदी साधी आहे: ठरावीक वजने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवायची, नौका किती कलते ते मोजायचे आणि त्यावरून गणित मांडायचे. एका दिवसाचे काम. फेरफार केलेल्या प्रत्येक प्रवासी नौकेची ही परीक्षा झाली पाहिजे.

केरळातील तानूर येथे ७ मे २०२३ च्या संध्याकाळी ‘अटलांटिक’ नावाची नौका उलटून २२ जण प्राणास मुकले. मृतांत मुले पुष्कळ होती. ती नौका मूळची मासेमारीची होती. तिचे रूपांतर पर्यटकांच्या नौकेत केले गेले होते आणि क्षमतेपेक्षा बरेच अधिक लोक तिच्यात भरले होते. मासेमारीच्या नौकेत माल खाली असतो, पोटात बर्फ आणि मासळी. पर्यटनाच्या नौकेत माल म्हणजे माणसे, आणि ती वर असतात. एवढा एकच फरक ध्यानात घेतला तरी पुरे. त्याआधी ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात ‘जलकन्यका’ ही दुमजली नौका उलटली आणि ४५ जणांनी प्राण गमावले. ती तर जुनीही नव्हती. काठावरचे वन्य प्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका बाजूला सरकले, असे तेव्हा सांगण्यात आले. आमच्या समुद्रात हत्ती आणि गवे नाहीत, पण डॉल्फिन आहेत, आणि ‘तो बघा’ अशी आरोळी उठताच सारी नौका कोणत्या बाजूला धावते हे किनाऱ्यावरच्या कोणालाही ठाऊक आहे. मराठी माणसाला तर हा धडा फार पूर्वी मिळाला आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक लोक गेले. कोकणातील कित्येक घरांत त्या दिवशी सुरू झालेले श्राद्ध आजही होते.

यंत्र बदलल्यानंतरच्या चाचणीविषयीही एक शब्द बोलावासा वाटतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी नौकेवर नौदलाची एक वेगवान नौका आदळली आणि १५ जणांचा बळी गेला. इंजिनाची चाचणी चालू असताना नौकेवरील नियंत्रण सुटले, असे नौदलानेच सांगितले. नौदलासारख्या शिस्तबद्ध दलाच्या बाबतीत असे घडू शकते, तर गावातल्या कारागिराने काल बसविलेले दुप्पट ताकदीचे यंत्र आज पर्यटकांच्या गर्दीत पळवून पाहणाऱ्या मालकाबद्दल काय बोलावे! त्यानंतर आठवडा लोटतो न लोटतो तोच, नाताळच्या दिवशी, कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून एकाचा मृत्यू झाला आणि वीसेक जणांना जीवरक्षकांनी वाचविले. जीवरक्षक तत्पर होते म्हणून ती बातमी दोन दिवसांत विरली.

कायदा नाही असे नाही. अंतर्गत जलमार्गांवरील नौकांसाठी १९१७ सालचा ब्रिटिश अमदानीतला कायदा शंभर वर्षे चालला. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा कायदा आला. नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा यांविना यांत्रिक नौका चालविता येत नाही, नौकांची माहिती एका मध्यवर्ती ठिकाणी साठविली जावी, हे त्यात आहे. नौकेच्या मजबुतीवर वा तोलावर परिणाम करणारा फेरफार अधिकाऱ्यांना अंधारात ठेवून करता येत नाही, हे तत्त्व जुन्या कायद्यातही होते. समुद्रात जाणाऱ्या जहाजांसाठीचा १९५८ चा कायदाही जाऊन २०२५ मध्ये संसदेने नवा संमत केला. कागदावर उणीव फारशी नाही. मेख आहे ती अशी की, नौका हौसेसाठी म्हणून घेतली जाते आणि भाड्याने फिरू लागते. नदीसाठी म्हणून तपासली जाते आणि आग्वादच्या पलीकडे लाटांत जाते. आणि फेरफार झाला हे कळविण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचेच हित तो न कळविण्यात असते. बंदर कप्तान खात्याच्या अधिकाऱ्यांनी धक्क्यावर उभे राहून जीवरक्षक जाकिटे मोजली तर ती मोजलीच पाहिजेत. पण जाकिटे मोजून ट्रान्सम कुजला आहे की नाही ते कळत नाही.

आमच्या मते तीन गोष्टी तातडीने करण्यासारख्या आहेत. भाड्याने चालणारी जुनी नौका दर ठरावीक मुदतीने पाण्याबाहेर काढूनच तपासली जावी, आणि तपासणारा मालकाने निवडलेला नसावा. दुसरे असे की, मोटारीचा पूर्वेतिहास जसा नोंदणी क्रमांकावरून कळतो तसा नौकेचाही कळावा: ती कोठे बांधली, कधी, तिला कधी अपघात झाला, कोणते यंत्र केव्हा बदलले. खरेदीदाराला हे विक्रेत्याच्या तोंडून नव्हे, सरकारी दप्तरातून मिळाले पाहिजे. आणि वरच्या मजल्यावर किती माणसे चालतील, हा आकडा खालच्या आकड्यापासून वेगळा, मोठ्या अक्षरांत, मराठी, कोंकणी, हिंदी व इंग्रजीत जिन्यापाशीच रंगविलेला असावा. या शेवटच्या गोष्टीला रंगाचा एक डबा पुरतो.

यात रोजगाराची एक बाजू आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही याचे आम्हाला वाईट वाटते. खनिजाच्या भरभराटीत मांडवी-जुवारीच्या काठांवर बार्ज बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या गोद्या होत्या. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या आणि शेकडो बार्जांपैकी कित्येक भंगारात गेली. वेल्डर, फिटर, तळ घासून रंगविणारे, सुकाणूचा दांडा सरळ करणारे हात विखुरले. नौका बाहेर काढण्याच्या उतरत्या घसरणी आजही काठावर आहेत. त्या हातांना फायबरचे काम, नौकांची विद्युतजोडणी, तोलाची परीक्षा यांचे शिक्षण दिले, तर तपासणीची सक्ती हे मालकांवरचे ओझे न राहता येथल्याच माणसांची मिळकत होईल. साधी घरगुती तांब्याची तार खाऱ्या हवेत हिरवी पडते आणि नौकेसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तार लागते, एवढे जरी गावच्या वायरमनला शिकविले तरी कितीतरी आगी टळतील. मरीना बांधण्याच्या योजनांवर वर्षानुवर्षे वाद चालू आहेत. नावशीच्या मच्छीमारांनी त्या प्रकल्पाला केलेला विरोध सर्वश्रुत आहे आणि त्यांची भीती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आहेत त्या गोद्या जिवंत करण्याला कोणाचा विरोध असण्याचे कारण दिसत नाही.

घेणाऱ्यांनाही दोन शब्द. जुन्या नौकेची किंमत हा खर्चाचा आरंभ असतो. तिच्यावर ओतलेला पैसा विकताना परत येत नाही, हे जगभरच्या नौकाधारकांचे एकमत आहे, आणि दरवर्षीच्या देखभालीला तिच्या किमतीच्या दहाएक टक्के धरावेत असा एक ढोबळ हिशेब ते मांडतात. ज्याला हा हिशेब जड जातो त्याने नौका घेऊ नये, मित्राच्या नौकेत बसावे. घेतलीच तर आधी तळ, मग यंत्र, मग इंधनाच्या नळ्या आणि तारा, आणि गाद्या सर्वांत शेवटी. आपल्याकडे क्रम नेमका उलटा असतो. गाद्यांची छायाचित्रे काढता येतात, नळ्यांची कोण काढणार?

आणि शेवटी नौका मरते तेव्हा काय? लोखंडाचे भंगार विकले जाते, लाकूड कुजून मातीला मिळते. फायबर यांतले काहीच करीत नाही. ते वितळवून पुन्हा वापरता येत नाही, जाळले तर विषारी धूर होतो, आणि म्हणून जगभर जुन्या नौका खाड्यांत बेवारस सोडल्या जातात. आम्हा गोमंतकीयांना बेवारस जहाज म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. २००० सालच्या जूनमध्ये कांदोळीच्या किनाऱ्याला लागलेली ‘रिव्हर प्रिन्सेस’ तेथून हलविण्यास तब्बल बारा वर्षे लागली. तोवर वाळूची धूप, न्यायालयातील खटले आणि निविदा यांचा खेळ चालू होता. २०१७ च्या जुलैमध्ये, मांडवीच्या मुखावरचा वाळूचा बांध पावसाळ्यात जहाजांना अडवितो हे ठाऊक असूनही आणले गेलेले एक कॅसिनो जहाज मिरामारच्या वाळूत रुतले. ती मोठी जहाजे होती म्हणून दिसली. वीस-तीस फुटांची फायबरची नौका खारफुटीत शिरली की दिसतही नाही. तिच्या टाकीतले डिझेल आणि बॅटरीतले आम्ल मात्र भरतीबरोबर कालव्यांच्या आणि तिसऱ्यांच्या जागी जाऊन पोहोचते. नोंदणीच्या वेळीच प्रत्येक नौकेमागे विल्हेवाटीसाठी एक अनामत रक्कम घ्यावी, आणि नौका विकली गेली तर ती अनामत नव्या मालकाच्या नावे चढावी. पुढील हंगामाचे परवाने देण्यापूर्वी बंदर कप्तान खात्याने नद्यांच्या दोन्ही काठांवर पडून असलेल्या अशा नौकांची मोजदाद करून यादी जाहीर करावी. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही; एक होडी, दोन कारकून आणि आठ दिवस पुरतील.